रबरी होडीतून खांदेरीला

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर दोन बेटे दिसतात. जवळचे, पाण्यात चपटे बसलेले ते उंदेरी. त्याच्या पलीकडचे, दोन टेकड्यांचे आणि माथ्यावर दीपगृह असलेले ते खांदेरी. सकाळच्या स्वच्छ हवेत ते इतके जवळ भासते की, न्याहारी करून निघावे आणि जेवायला परत यावे! प्रत्यक्षात अंतर आहे चार-पाच किलोमीटरांचे. ते काटायला मला तीन महिने लागले. त्याचीच ही हकिगत.

सुरुवात केली माझ्या भाच्याने. २०२३ च्या दिवाळीत तो पुण्याहून आला तो एक भलेमोठे गाठोडे घेऊनच. परदेशी निघालेल्या एका मित्राने त्याला हवा भरायची रबरी होडी दिली होती. दहा फूट लांब, हवेचे तीन वेगवेगळे कप्पे, दोन वल्ही आणि मागे लावायचे एक छोटे इंजिन. अंगणात पायपंपाने ती फुगवली तेव्हा तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालायलाही जागा उरली नाही.

"मामा, आपण हिच्यातून खांदेरीला जायचं," तो म्हणाला.

"आधी विहिरीत पोहायला शीक म्हणावं," आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

भाच्याने लगेच दाखला दिला. १९५२ साली आलँ बोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टराने असल्याच रबरी होडीतून एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला. कॅनरी बेटांपासून बार्बाडोसपर्यंत त्याला पासष्ट दिवस लागले. दाखला खरा होता. पण बोंबार एकाच दिशेला चालला होता आणि वारा त्याच्या पाठीशी होता. आम्हाला जेवायला परत यायचे होते!

ओळखीच्या एका नाखव्याला होडी दाखवली. त्याने तिला भोवती फिरून पाहिले, बोटाने दाबली आणि हसून म्हणाला, "भाऊ, ही होडी नाय, फुगा हाय. हिला पानी बुडवनार नाय. हिला वारा पलवनार."

या एका वाक्यात सगळी विद्या होती. लाकडी होडीचा तळ पाण्यात रुतलेला असतो, पाणी तिला धरून ठेवते. रबरी होडी पाण्यावर नुसती बसते. तिला धरणारे कुणी नाही. वारा ढकलील तिकडे ती निघाली.

नाखव्याने आमची शाळा भरवली. पहिला धडा होडी उलटवण्याचा. छातीभर पाण्यात आम्ही ती मुद्दाम पालथी करायची आणि पुन्हा सरळ करून आत चढायचे. अंगात तरंगणारे जाकीट होते म्हणून बरे. तरी पहिल्या दिवशी माझ्या पोटात बरेच मीठ गेले. दुसरा धडा खुणांचा. जवळची एक वस्तू आणि तिच्या मागची लांबची दुसरी नजरेत धरायची. त्या एकमेकींपासून सरकू लागल्या की समजावे, आपणही सरकतो आहोत. चारी बाजूंना पाणी असताना हे नुसत्या डोळ्याला कळत नाही.

तिसरा धडा भरती-ओहोटीचा. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे पाण्याची ओढ जबर. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे ओढ कमी. ज्यांना याची प्रचीती हवी त्यांनी अलिबागचा कुलाबा किल्ला पाहावा. ओहोटीला जिथून माणसे चालत जातात, तिथेच भरतीला होडी लागते.

आणि शेवटचा धडा: "इंजिन हाय म्हनून जाऊ नका. इंजिन नाय असं समजून जा."

डिसेंबरात, मार्गशीर्षातल्या अष्टमीला आम्ही निघालो. भांगाचे पाणी, समुद्र तेलासारखा शांत. सात वाजता होडी पाण्यात लोटली. सौ. किनाऱ्यावर चटई टाकून बसल्या. साडेदहापर्यंत आम्ही आलो नाही तर नाखव्याला कळवायचे, असे ठरले होते.

होडी अशी धावली म्हणता! पाहता पाहता उंदेरी मागे पडली. भाचा गाणे म्हणू लागला. मला मात्र एका गोष्टीने टोचले. इतके सोपे का जाते आहे? भरती सहाला पूर्ण झाली, म्हणजे पाणी बाहेर चालले होते. आणि पाठीवर गार वारा होता. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हा मतलई वारा. किनाऱ्यालगत तो लाट उठू देत नाही, म्हणून समुद्र शांत दिसतो. ही शांतता फसवी! दोघेही आम्हाला फुकट ढकलत होते. त्याचे मोल परतताना द्यावे लागणार होते.

मी इंजिन बंद करायला लावले. होडी किनाऱ्याकडे वळवली आणि दोघांनी पाच मिनिटे जीव तोडून वल्ही मारली. उंदेरीच्या बुरुजामागे झाकलेला किनाऱ्यावरचा एक ताड मी नजरेत धरला होता. वल्ही चालू असतानाच तो हळूहळू बुरुजाबाहेर सरकला. आम्ही मागे चाललो होतो.

"परत फिरायचं," मी म्हटले.

"मामा, निम्म्याहून जास्त आलोय! इंजिन उत्तम चाललंय!"

"चाललंय तोवरच परत फिरू."

तो बोलला नाही. होडी वळवली, पण तोंड खांदेरीकडेच राहिले. त्या वेळी मला स्वतःचीच शंका आली. हा शहाणपणा, की पन्नाशी उलटल्याची भीती?

उत्तर दहा मिनिटांत मिळाले. उंदेरीजवळ तुटक्या जाळ्याची दोरी इंजिनाच्या पंख्यात गुंतली आणि इंजिन गपकन थांबले. होडी लगेच बाहेर सरकू लागली. भाच्याने नांगर टाकला. दोर ताणला, नांगर एकदा घसरला, मग खडकात अडकला. आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला.

प्लॅस्टिकच्या पिशवीतून सौ.ना फोन केला. त्यांनी तो नाखव्याच्या हाती दिला.

"नांगर धरलाय?"

"धरलाय."

"मग गप बसा. वारा पडंल."

दीड तास गप बसलो. दोरी इतकी घट्ट बसली होती की चाकूने काही सुटली नाही. साडेदहाच्या सुमारास वारा पडला, थोड्या वेळाने समुद्राकडून झुळूक आली, आणि वल्ह्यांनी होडी घरी आली. किनाऱ्यावर नाखवा आपली होडी तयार ठेवून उभा होता. सौ. काही बोलल्या नाहीत. थर्मासमधला चहा दोघांना दिला, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. तो मी अजून विसरलेलो नाही.

भाचा रात्री म्हणाला, "मामा, तिथून पुढे गेलो असतो तर?" मी उत्तर दिले नाही. त्याला ते ठाऊक होते.

पुढचा बेत त्यानेच आखला. २०२४ ची वसंत पंचमी. पंचमीची भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी पावणेदहाच्या सुमारास. जाताना सरत्या ओहोटीची ओढ, येताना चढते पाणी आणि समुद्राकडून येणारा खारा वारा. आवश्यक ती परवानगी काढली. शिवाय नाखव्याची होडी सोबतीला.

नऊ वाजता आम्ही खांदेरीवर पाय ठेवला! कोळ्यांच्या श्रद्धेचा वेताळ पाहिला. दगडाने वाजवली की धातूसारखी खणखणणारी ती शिळा वाजवली. १८६७ पासून जहाजांना वाट दाखवणाऱ्या दीपगृहापाशी उभे राहिलो. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी येथे तट उभारू लागला, तेव्हा इंग्रजांच्या मोठ्या जहाजांनी बेटाला वेढा घातला. मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून, वारा-पाण्याची वेळ साधून, वल्ह्यांवर रसद पोहोचवीत राहिल्या. इंग्रजांना हात हलवीत परत जावे लागले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरी आहे, ते वाचले तेव्हा मला तटापेक्षा त्या होड्याच आठवल्या. लहान होडीचे बळ कशात असते, ते त्या वल्हेकऱ्यांना पुरते ठाऊक होते.

बेटावर आम्ही तासभरच थांबलो. भाच्याला अजून पाहायचे होते, पण त्याने घड्याळ पाहिले, पाणी पाहिले आणि तोच म्हणाला, "मामा, निघू या. पाणी फिरलं."

बाराच्या आत थळला पोहोचलो. सौ. चटईवर बसूनच होत्या.

"अहो, पोहोचलात का एकदाचे?" त्यांनी विचारले.

"पोहोचलो. आणि तुझ्या भाच्याला समुद्र कळायला लागला."

"मग पुढच्या खेपेला मीही येईन," त्या म्हणाल्या आणि चटई झटकू लागल्या.