ठेकेदाराचं पोर
जोतिबाच्या चैत्री यात्रेत सासनकाठी नाचवणारी आमच्या भावकीतली पोरं आता शिरोलीच्या फौंड्रीत ठेकेदाराकडं राबतात. थोरल्या जाऊबाईंच्या धाकट्याचा पाय परवा फोर्कलिफ्टखाली चेंगरला. उंच रचलेल्या मालाआडून चालकाला पुढचं दिसलंच नाही. ठेकेदार म्हणाला, "तो कंपनीचा माणूस नव्हे," आणि औषधापुरते पैसे टेकवून गेला. जाऊबाई तेवढ्यावरच गप्प बसत होत्या.

पण १९२३ च्या कायद्यापासून कामावरच्या इजेची भरपाई मालकाकडं आहे. मजूर ठेकेदाराचा असला तरी मूळ मालक सुटत नाही. ईएसआयमध्ये नाव असेल तर पहिल्या दिवसाच्या अपघातालाही रोजच्या मजुरीच्या ९० टक्के मिळतात.

दवाखान्याच्या कागदावर मात्र 'मोटारसायकलवरून पडला' असं लिहिलंय! कुणी सांगितलं, देव जाणे. ते दुरुस्त करून घ्यायला आम्ही दोघी उद्याच कोल्हापूरला निघालोय.