आजीचं नाव आणि पिवळी पिशवी

दिवाळी होऊन महिनाही उलटला नव्हता, तोच पेनांवरची आजी पुसली गेली.

चेन्नईतल्या वेस्ट मांबलममध्ये बिऱ्हाड करून राहणाऱ्या एका मराठी गृहिणीची ही हकिकत. नवऱ्याच्या नोकरीपायी नगर सुटलं, मुलं मोठी झाली, रिकामी दुपार खायला उठू लागली. मग तिने घरीच गोडा मसाला, मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी करून विकायला सुरुवात केली. आधी ओळखीची मराठी घरं, मग त्यांच्या शेजारची तमिळ घरं, असं करत गिऱ्हाइकं दोनशेच्या घरात गेली. मसाल्याला नाव दिलं आजीचं, कारण प्रमाण आजीचं होतं. २०२१ च्या दिवाळीत तिने हौसेने दोनशे पेनं छापून घेतली आणि प्रत्येक पाकिटाबरोबर एक एक दिलं. घरी आलेल्या एका विक्रेत्याने नमुना दाखवला, भाव सांगितला, तिने होकार दिला. कशावर, कशाने, किती दिवस टिकणारं छापणार, हे विचारायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबर संपता संपता एका गिऱ्हाईक बाईंनी हिशेब लिहिताना ते पेन उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘‘यावर काय लिहिलं होतं हो?’’ विचारणारीच्या मनात काही नव्हतं. पण हिला ते लागलं. पैसे गेले त्यापेक्षाही नाव गेलं याचं.

घरी फळीवर आजीचा पितळी डबा होता. त्यावर छिन्नीने ठोकून, टिंबाटिंबांनी घातलेलं नाव साठ वर्षं चिंचेने घासूनही जसंच्या तसं होतं. नुसतं ‘सौ.’ आणि आजीचं नाव. पुढे आडनाव नाही. त्या काळी भांड्यावर नाव घालायला अक्षरामागे पैसे पडत, म्हणून आजोबांनी आडनाव गाळलं, असं घरात हसत सांगितलं जाई. आजोबा कंजूष होते खरे, पण पैसे कशाचे पडतात हे त्यांनी आधी विचारून घेतलं होतं. नातीने ते केलं नव्हतं.

पुढल्या वर्षी ऑगस्टपासूनच घरात चर्चा सुरू झाली. नवरा म्हणाला, ‘‘मग छाप. रंगीत फोटोसुद्धा येतो त्यावर.’’ भाच्याने फोनवरून टी-शर्ट सुचवले आणि तिरुप्पूर इथून जवळच आहे, असंही ऐकवलं. सव्वाचारशे किलोमीटरहून अधिक अंतराला तो जवळ म्हणत होता! तिने आठ हजार रुपये बाजूला काढले होते. त्याच्या पुढे एक रुपया नाही, असं तिने नवऱ्याला बजावलं.

तोड काढली ती वरच्या मजल्यावरच्या मामींनी. मामींचं तरुणपण मुंबईत माटुंग्याला गेलेलं, त्यामुळे मराठी फर्डं. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, मंजप्पै दे ना. पेन ड्रॉवरमध्ये जातं. पिशवी बाजारात जाते.’’

मंजप्पै म्हणजे पिवळी पिशवी. ‘मंजळ’ म्हणजे हळद आणि पिवळा रंगही. तमिळ लग्नात निघताना पाहुण्याच्या हातात तांबूलाची पिशवी देतात, आत नारळ, विड्याची पानं, सुपारी. बाहेर वधूवरांची नावं आणि तारीख छापलेली. कापडाची दुकानंही आपलं नाव छापून अशाच पिशव्या देत आली. मग प्लॅस्टिक आलं आणि पिवळी पिशवी घेऊन शहरात येणारा तो गावंढळ, अशी तिची थट्टा होऊ लागली. तमिळनाडू सरकारने १ जानेवारी २०१९ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या चौदा प्रकारांवर बंदी घातली, आणि २३ डिसेंबर २०२१ रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी चेन्नईत ‘मींडुम मंजप्पै’ म्हणजे ‘पुन्हा पिवळी पिशवी’ ही मोहीम सुरू केली. २०२२ च्या जूनमध्ये तर कोयंबेडूच्या घाऊक बाजारात दहा रुपये टाकले की पिशवी देणारं यंत्रच बसलं. थट्टेचा विषय झालेली पिशवी पुन्हा मानाने बाजारात निघाली.

मामींनी कपाट उघडलं. आत पंचवीस-तीस पिशव्या घडी करून ठेवलेल्या. ‘‘हे लग्न बघ, २००९. ही मुलगी आता अमेरिकेत. आणि हे...’’ एका पिशवीवर बोट ठेवून त्या थांबल्या, ‘‘हे दोघं आता एकत्र नाहीत. पिशवी मात्र मजबूत आहे.’’

दुसऱ्याच दिवशी दोघी मांबलमहून लोकल पकडून बीच स्टेशनला उतरल्या आणि पॅरीज कॉर्नरजवळच्या अँडरसन स्ट्रीटवर गेल्या. ही गल्ली कागदाची, वह्यांची आणि लग्नपत्रिकांची. तिथे शिवकाशीच्या कॅलेंडरांचे नव्या वर्षाचे आल्बमही आले होते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, शिवकाशीचे छापखाने ते बाहेर काढतात. मामींनी सहज एक आल्बम उघडला. मुरुगन, लक्ष्मी, वेलांकण्णीची माता, सगळ्यांच्या पायाशी एक पट्टी कोरी. दुकानदाराने त्यातली मेख सांगितली. चार रंगांचं खर्चिक चित्र मोठ्या संख्येने आधीच छापून ठेवायचं. ज्याने त्याने आपलं नाव तेवढं कोऱ्या पट्टीत एका रंगात छापून घ्यायचं. चित्राचा खर्च असंख्य दुकानांत वाटला जातो, म्हणून गल्लीतल्या किराणावाल्यालाही स्वतःचं कॅलेंडर परवडतं.

ज्या छपाईवाल्याकडे त्या शेवटी बसल्या, तो सौकारपेठेतला, हिंदी बोलणारा निघाला. तिने भाच्याने काढलेलं चिन्ह पुढे केलं. हिरवं पान, पिवळी हळद, लाल मिरची, आणि हे सगळं एकमेकांत विरघळत जाणारं. त्याने ते पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘मॅडम, रंग किती?’’

तिथून पुढे अर्धा तास तो बोलला, आणि तो अर्धा तास तिला फार कामाला आला. कापडावर छापायचं ते स्क्रीनने. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी. तिच्यावर उजेडाने घट्ट होणारा लेप देतात, वर चित्राची फिल्म ठेवून उजेड दाखवतात. चित्र झाकलेलं तेवढाच भाग मऊ राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. उरलेल्या मोकळ्या जाळीतून रबराच्या पट्टीने शाई खाली कापडावर ओढायची. एका रंगाला एक फ्रेम. पन्नास पिशव्या छापा नाही तर पाचशे, फ्रेमचे पैसे तेवढेच. त्याचा त्या दिवशीचा भाव असा होता : कोरी पिशवी २८ रुपये, फ्रेम ६०० रुपये, छपाई एका रंगाला पिशवीमागे ४ रुपये. दुसऱ्या दुकानात आकडे वेगळे निघतील, पण हिशेबाची रीत हीच.

तिने पर्समधून कागद काढला. तीन रंगांत दोनशे पिशव्यांचे ९,८०० रुपये, म्हणजे नगाला ४९. एका रंगात ७,०००, नगाला ३५. एका रंगात नुसत्या पन्नास घेतल्या तर ४४ ची एक. छपाईवाला म्हणाला, ‘‘पाचशे घ्या, आणखी स्वस्त पडेल.’’ तिने तेही मांडून पाहिलं. ३३ रुपये २० पैसे. नगाला एक रुपया ऐंशी पैसे वाचवण्यासाठी नऊ हजार सहाशे जास्त घालायचे आणि तीनशे पिशव्या माळ्यावर ठेवायच्या! ‘जास्त घ्या, स्वस्त पडेल’ हे काही खोटं नसतं. पण फ्रेमचा खर्च एकदा पसरला की पुढे स्वस्त व्हायला फारसं काही उरतच नाही.

मग तिने गेल्या वर्षीच्या पेनांचं विचारलं. तो हसला. पेनावर सिलिकॉनच्या मऊ गादीने शाई उचलून टेकवतात. काही प्लॅस्टिकवर शाई मुळात धरतच नाही, आधी ज्योतीने किंवा प्रायमरने पृष्ठभाग तयार करावा लागतो. ते वगळलं की हाताच्या घामाने नाव जातं. मगावरचा फोटो टिकतो, पण त्यासाठी खास लेप दिलेला मग लागतो. तीच छपाई सुती कापडावर केली तर धुण्यात जाते. टोपीवर भरतकाम शोभतं, पण त्यात टाके मोजून पैसे. नक्षी जेवढी भरीव, तेवढं बिल मोठं. स्टीलच्या डब्यावर, म्हणजे इथल्या भाषेत ‘एव्हरसिल्व्हर’वर, लेसरने नाव उमटतं. त्यात फ्रेम नाही, शाई नाही, एक डबा केला तरी चालतो. पैसे यंत्राच्या वेळेचे. आजीच्या डब्याचा हा नातू म्हणायचा. पण दोनशे डबे आठ हजारांत कुठून येणार?

चिन्हाचं काय करायचं? पिवळ्या पिशवीवर पिवळी हळद दिसणार नव्हती. विरघळणारे रंग जाड्याभरड्या कापडावर नीट उमटणार नव्हते. आणि खाली बारीक टायपात लिहिलेला परवाना क्रमांक, पत्ता, ‘शुद्ध व घरगुती’ यांचे शाईत गोळे झाले असते. तो मजकूर मसाल्याच्या पाकिटावर होताच. तिने एक एक गोष्ट खोडली. उरलं आजीचं नाव, खाली ‘मसाला’ आणि फोन नंबर, कुंकवासारख्या गडद लाल रंगात. छपाईवाल्याने ‘दिवाळी २०२२’ घालू का, म्हणून विचारलं. मामी मध्येच म्हणाल्या, ‘‘अजिबात नको. उरलेल्या पोंगलला कोण घेईल?’’

एक अडचण राहिली. नाव देवनागरीत होतं, तसं तमिळमध्येही हवं होतं. आजीच्या नावाचं पहिलं अक्षर ‘ग’. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर. कच्च्या कागदावर मामींनी वाचून दाखवलं, तर आजीचा ‘क’ झाला. हिचा चेहरा उतरला. पेनावरून पुसली गेली, आता पिशवीवर वेगळीच बाई व्हायची! मामी शांतपणे म्हणाल्या, ‘‘गांधी लिहितानाही आम्हाला दुसरं अक्षर नाही गं. तरी कोणी कांधी म्हणतं का? माहीत असलं की माणसं बरोबर वाचतात.’’

‘‘आणि माहीत नसलं तर?’’

‘‘तर मसाला खाऊन विचारतील.’’

तमिळ ओळ राहिली. मात्र या वेळी तिने आगाऊ रक्कम देण्यापूर्वी एक पिशवी छापून, गरम दाबून पक्की करून घेतली. ती घरी नेऊन रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवली आणि सकाळी नळाखाली ब्रशने खसाखसा घासली. नवरा चहाचा कप घेऊन न्हाणीच्या दारात उभा होता. ‘‘अहो, बघता काय, तुम्हीही घासा,’’ ती म्हणाली. त्यानेही घासली. पाणी किंचित पिवळं झालं, लाल नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी पिशव्या आल्या. सात हजार आणि वर कर. ठरल्याप्रमाणे छपाईवाल्याने फ्रेमही दिली. एरवी जाळी धुऊन ती दुसऱ्या कामाला लावतात, पण हिने आधीच बोलून ठेवलं होतं. पुढच्या वर्षीचे सहाशे रुपये वाचले.

पोंगल झाल्यावर एका संध्याकाळी ती मांबलम स्टेशनजवळच्या भाजीबाजारात गेली होती. गर्दीत पुढे एक अनोळखी बाई चालली होती. हातात पिवळी पिशवी, वर शेवग्याच्या शेंगा आलेल्या, खाली लाल अक्षरं. तिने ही पिशवी त्या बाईला दिली नव्हती. कोणीतरी कोणालातरी काहीतरी भरून दिली असणार. ती थोडी भरभर चालली, पण बाई फाटकापाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

घरी येऊन तिने मामींना सांगितलं. मामींनी एवढंच विचारलं, ‘‘शेंगा काय भावाने होत्या?’’

फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवली आहे, पितळी डब्याच्या मागे.