फेस कुणाच्या हातावर?

आमच्या मावशींची बोटं सदा भेगाळलेली. भांड्यांचं लिक्विड ताटावरचा तेलकटपणा काढतं आणि हातावरचाही. हे काम सर्फॅक्टंटचं : त्याचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. आजीच्या रिठ्यात तेच असायचं. मला मात्र सध्या वेड लागलंय बॅक्टेरियानं बनवलेल्या सर्फॅक्टंटचं.

नाव ऱ्हॅम्नोलिपिड. १९४०च्या दशकात ते ज्याच्यात सापडलं, तो स्युडोमोनास एरुजिनोसा म्हणजे हॉस्पिटलमधला नामचीन गुंड. आजारी माणसाच्या जखमा चिघळवणारा. मग शास्त्रज्ञांनी त्याची जनुकं उचलून मातीत राहणाऱ्या स्युडोमोनास पुटिडा या साध्याभोळ्या भावाला दिली. साखर घालायची, हवा खेळवायची, की इडलीच्या पिठासारखं आंबवणं सुरू! गंमत म्हणजे हवेमुळे टाकीतच एवढा फेस होतो, की तो आवरणं हीच मोठी डोकेदुखी. (दूध उतू जाताना बघणाऱ्यांना कळेल.) २०१९मध्ये चिलीत क्विक्स नावाच्या भांड्यांच्या लिक्विडमध्ये ते आलंसुद्धा. २०२४मध्ये एव्होनिक या जर्मन कंपनीनं स्लोव्हाकियात त्याचा मोठा कारखाना सुरू केला. साखर मक्याची.

त्वचेला सौम्य, निसर्गात सहज विघटन होणारं. पण महाग. म्हणजे आपल्याकडे ते आधी येणार माझ्या फेसवॉशमध्ये, जो मी दिवसातून दोनदा, मिनिटभर वापरते. मावशी चार घरची भांडी घासतात. हिशेब उलटा आहे, यार! तूर्तास मी त्यांना ग्लोव्ह्ज आणून दिलेत. त्या म्हणतात, ‘‘ताई, ताटं निसटतात हो.’’