झाडाच्या बुंध्यापर्यंतची वाट

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस उतरून येऊरकडे निघालेल्या प्रवाशाला प्रथम मासुंदा तलावाभोवतीची जुनी वस्ती, मग पोखरण रस्त्यावर कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे आणि शेवटी उपवन तलावामागे एकाएकी सुरू होणारा चढ असे शहराचे तीन थर ओलांडावे लागतात. या प्रवासाचा हेतू झाडे पाहण्याचा होता; मात्र कोणत्या झाडावर चढता येईल आणि चालता न येणारा किंवा डोळ्यांनी न दिसणारा माणूस त्यावर चढू शकेल का, या दृष्टीने ती पाहायची होती.

हौसेखातर दोराच्या आधाराने झाडावर चढण्याला अनेक देशांत रीतसर छंदाचे रूप आले असून, त्याचे शिक्षण देणारी ‘ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल’ ही संस्था पीटर जेनकिन्स यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे स्थापन केली. बारीक दोरीच्या टोकाला वजनाची पिशवी बांधून ती भक्कम फांदीवरून पलीकडे फेकतात, तिच्यामागोमाग जाड दोर ओढून घेतात, दोराचे एक टोक चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याला अडकवतात आणि त्याच टोकाचा उरलेला शेव दोराच्या दुसऱ्या पदराभोवती गुंडाळून घर्षणगाठ मारतात, म्हणजे हाताने वर सरकणारी पण अंगाचा भार पडताच आवळून बसणारी गाठ. दोर फांदीवरून फिरत असल्यामुळे स्वतःच्या वजनाच्या सुमारे निम्म्या ओढीने माणूस वर जातो, अर्थात घर्षणापायी यातला बराच लाभ बुडतो आणि दोन हात दोर ओढावा तेव्हा एक हात उंची मिळते. धडधाकट माणूस दोराच्या फासात पाय रोवून वेळ वाचवतो. ज्याचे पाय चालत नाहीत तो नुसत्या हातांनी, वीत-वीत ओढत, दमला की गाठीवर भार टाकून विसावत तेवढ्याच उंचीवर पोहोचतो.

चाकांच्या खुर्चीवर वावरणाऱ्या जपानी तोशिको हिकोसाका २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘स्टॅग’ या सुमारे ७४ मीटर उंचीच्या महाकाय सिकोया वृक्षावर चढल्या, त्या याच तत्त्वाच्या बळावर. मात्र कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला पट्टा काचून जखम झाली तरी ती कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी रुंद, गादीदार पट्टा, छातीला वेगळा आधार आणि शेजारच्या दोरावरून बरोबरीने चढणारा, त्याच्या पायांवर लक्ष ठेवणारा सोबती या गोष्टी लागतातच. त्यांत काटकसर करणाऱ्याने या कामात पडू नये.

येऊरच्या वाटेवर आंबा, चिंच, वड, ऐन, मोह अशी झाडे भेटतात. चिंचेचे लाकूड चिवट असते, वडाच्या आडव्या फांद्या दोरासाठी जणू मुद्दाम घडवलेल्या असतात. उलट काटेसावरीचा कोवळा बुंधा काट्यांनी भरलेला, आणि गुलमोहर कितीही देखणा असला तरी ठिसूळ. आंब्यावर पाने चिकटवून घरटी करणारे तांबडे मुंगळे नाहीत ना, हे आधी खालूनच पाहावे लागते. परंतु येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय असा उद्योग करता येत नाही; बिबट्याच्या रानात ते योग्यही आहे. त्यामुळे चढण्याजोगे झाड वस्तीतच शोधणे भाग पडते, आणि त्यासाठी पुढची वाट रेल्वेने कल्याणकडे जाते.

मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. आज त्याच मार्गावरील लोकलला दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. मात्र फलाट आणि डब्याचा उंबरठा यांतले अंतर, जिन्यांचे पूल आणि गर्दी यांतून त्या डब्यापर्यंत जाणे ही चाकांच्या खुर्चीवरील माणसाच्या दृष्टीने सिकोयाहून अवघड चढण ठरू शकते.

कल्याणच्या काळ्या तलावाच्या परिसरात, दुर्गाडी किल्ल्याच्या दिशेने जाताना, मोठी झाडे पाहिली की सूरपारंब्या आठवणे अपरिहार्य आहे. एका गड्याने उचललेल्या पायाखालून काठी लांब भिरकवायची, ज्याच्यावर राज्य आहे त्याने ती रिंगणात आणून ठेवेपर्यंत बाकीच्यांनी फांद्या गाठायच्या, आणि मग त्याने काठी राखत कोणाला तरी शिवायचे, असा हा वृक्षारोहणाचा घरगुती खेळ. त्यात लंगड्या किंवा अधू मुलाला फार तर लिंबूटिंबू म्हणून घेत, म्हणजे तो खेळात असे पण त्याच्यावर राज्य येत नसे. ही सवलत प्रेमाची असली तरी झाड त्याच्या वाट्याला येत नसे.

मल्लखांबाने या बाबतीत अधिक धाडस दाखवले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेल्या या विद्येचा दोरीचा प्रकार झाडावरच्या चढणीला सर्वांत जवळचा आहे. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली ती मल्लखांब दृष्टिहीन आणि दिव्यांग मुलांपर्यंतही नेल्याबद्दल. न दिसणाऱ्या मुलाला दोर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात कसा धरायचा हे दाखवून भागत नाही. त्याचे बोट हाताने धरून तिथे ठेवावे लागते, आणि एकदा पकड कळली की पुढचे काम त्वचा करते. झाडावर तर सालीचा खरखरीतपणा, वाऱ्याने हलणारी फांदी आणि उंचीबरोबर बदलणारे आवाज त्याच्या मदतीला असतात.

परतीच्या वाटेवर डोंबिवलीत पोहोचल्यावर एक विचित्र पेच समोर येतो. रस्त्यालगतच्या झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा फरशा घातलेल्या असतात, तेथे खुर्ची सहज जाते. पण पाणी आणि हवा तुटलेल्या मुळांचे असे झाड माणसाच्या भाराला भरवशाचे नसते. जे झाड निरोगी असते त्याच्याभोवती मोकळी माती, वर आलेली मुळे आणि पाचोळा असतो, तेथे चाके रुततात. १९७५ चा राज्याचा वृक्षसंरक्षण कायदा तोड आणि लागवड यांभोवती फिरतो, तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा क्रीडा आणि मनोरंजन यांतील सहभागाचीही दखल घेतो. बुंध्याभोवतीची ही काही हात जमीन दोहोंच्या मध्येच राहून गेली आहे. माती दाबली जाऊ नये म्हणून मुळांवरून उचलून ठेवता येतील अशा रुंद फळ्या अंथरणे, पावसाळ्यात निसरड्या सालीमुळे दोर न लावणे, आणि चैत्रापासून कावळ्यांची घरटी पाहूनच फांदी निवडणे, एवढी तयारी मैदानाकडेच्या एखाद्या जुन्या आंब्याखाली सहज करता येण्यासारखी आहे.