फासा कोणाच्या हाती?

फासा म्हटला की आमच्या पिढीला प्रथम द्यूतच आठवते. त्यामुळे गेल्या दिवाळीत भोरच्या घरी मुलांनी जेवणाच्या मेजावर फासे मांडले तेव्हा आम्ही जरा साशंक मनानेच जवळ जाऊन बसलो. खेळ अमेरिकेचा, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ साली प्रसिद्ध झालेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गड मात्र आमच्या वेल्ह्याकडला, राजगड. कथा सांगणारा पुतण्या. म्हणून शत्रूचे फासेही त्याचेच. धाकटी पुतणी संजीवनी माचीवरची पहारेकरीण.

नियम असा की, वार करणाऱ्याने वीस बाजूंचा फासा टाकावा, दानात आपले कौशल्य मिळवावे, आणि बेरीज समोरच्याच्या बचावाच्या आकड्याला पोहोचली की वार लागला. हा आकडा चिलखत, ढाल व चपळाई यांवरून आधीच ठरलेला असतो. पुतणीचा बचाव १५, शत्रूचे कौशल्य ५. म्हणजे १० वा अधिक पडले की काम झाले. विसांत अकरा वेळा. लागोपाठ तीन वार बसले व पहारेकरीण पडली.

"काका, मला मारलं तेव्हा मी काय करत होते? नुसती बघत होते!"

आम्ही नियमाचा पक्ष घेतला. संजीवनी माचीला दुहेरी तट आहे. बाहेरचा पडला तरी आतला उभा, आणि मधल्या अरुंद जागेत शत्रू कोंडावा. हा बचाव गवंड्यांनी आधीच करून ठेवलेला. लढाईच्या दिवशी त्याचे दान पडायचे राहत नाही.

"पण तटावर माणूस नको का?"

आम्ही निरुत्तर झालो. मुलांशी वाद घालू नये म्हणतात तो याचसाठी.

मग कागद-पेन्सिल घेतली. १९७८ च्या 'रुनक्वेस्ट' खेळात वार अडविणाराही फासा टाकतो. येथे तसे केले, दोघांनी ५ मिळवले आणि बरोबरी वार करणाऱ्याची धरली, तर ४०० पैकी २१० वार लागतात. शेकडा पंचावन्नाचे साडेबावन्न झाले, आणि वेळ मात्र दुप्पट! खेळात आणखी एक सोय आहे: आपला वार सोडून केवळ अंग चुकवावे, मग शत्रू दोन फासे टाकतो व लहान दान धरतो. वार शेकडा तीसच लागतात. परंतु फासे पुन्हा शत्रूच्याच हाती.

शेवटी नियम उलटा केला. ही युक्ती आमची नव्हे. जाणत्या खेळाडूंत ती परिचित आहे. शत्रूच्या वाराला फासा पुतणीने टाकायचा, बचावातून १० वजा जाता उरलेले ५ मिळवायचे, आणि शत्रूच्या कौशल्यात १२ मिळवून होणारे १७ गाठायचे. बारा वा अधिक पडले तर ती वाचली. विसांत नऊ वेळा. शक्यता तसूभरही बदलली नाही. पुतण्या तेवढा कुरकुरला.

दुसऱ्या रात्री पहिलाच वार आला. पुतणीने फासा दोन्ही हातांत बराच वेळ खुळखुळवून टाकला. अकरा.

"लागला," ती स्वतःच म्हणाली, कागदावरचे प्राण आपल्याच हाताने खोडले, आणि फासा उचलून पुढच्या वाराची वाट पाहत बसली.