पोर्ट लुईच्या धक्क्यावरून

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी,


आमची नौका मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरास लागली आणि सायंकाळच्या आत परतण्याची ताकीद देऊन उतारूंस दिवसभराची मोकळीक मिळाली, तेव्हा बहुतेक मंडळी धक्क्यावरच्या गाड्यांत बसून ग्रां बेची पुळण किंवा शामारेलची रंगीत माती पाहावयास निघून गेली. मी मात्र पायीच शहरात शिरलो.

धक्क्यालगतचा कॉडान नावाचा भाग परक्या पाहुण्यांच्याच सोयीने रचलेला असून, सतराव्या शतकात मनुष्याने ज्याचा निर्वंश केला तो डोडो पक्षी तेथे रुमालांवर व किल्ल्यांच्या कड्यांवर सुखेनैव नांदत असतो. श्रावणात माळशेजला लोटणाऱ्या मुंबईकरांस आपला मुरबाड तालुका धबधबा, भजी आणि मक्याचे कणीस यांपलीकडे कोठे दिसतो? एका दिवसाच्या पाहुण्यास गाव आपली विकाऊ बाजूच तेवढी दाखविते, आणि येथे तर तो पाहुणा मीच होतो. बाजारात डाळपुरी खाल्ली. पिवळ्या डाळीचे सारण भरलेली आणि घेवड्याच्या रश्श्यासह मिळणारी ही पुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखट बहीणच.

तेथून जवळच, समुद्राच्या काठी, आप्रवासी घाट आहे. १८३५ साली या बेटावर गुलामगिरी रद्द झाली, आणि उसाच्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणविण्याचा जो प्रघात त्याच सुमारास पाडला, त्यानुसार मजूर घेऊन ‘अॅटलस’ जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी येथे लागले होते. पुढे १८४९ मध्ये मजूर उतरवून घेण्यासाठी हा तळ बांधला गेला आणि सुमारे पाच लाख माणसे या मार्गाने बेटावर आली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले आपल्या कोकणचे लोकही होते. त्यांच्या वंशजांमुळेच आज येथील शाळांतून मराठी शिकविली जाते आणि गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते. २००६ साली जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झालेल्या या जागी आता भिंतींचे अवशेष आणि दगडी पायऱ्या उरल्या आहेत.

पण आपण तालुका कचेरीच्या दफ्तरात आयुष्य घालविले असल्यामुळे आपणांस विशेष रुचेल ती गोष्ट निराळीच. उतरलेल्या प्रत्येक इसमाचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची व अंगावरील खुणा नोंदवहीत उतरविल्या जात. हा सारा खटाटोप मालकांच्या सोयीसाठी, पळून गेलेला मजूर ओळखता यावा म्हणून होता, हे उघडच आहे. तथापि या बेटावरील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या त्याच नोंदींच्या आधारे आज एखादा पणतू आपल्या पूर्वजाचे गाव हुडकून काढू शकतो. जुलमाच्या कागदाने कालांतराने मजुराच्याच बाजूने साक्ष द्यावी, हा काळाचा न्याय विलक्षण खरा.

आणि मग मला शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतील कातकरी आठवले. भाताची कापणी उरकून दिवाळी सरली की मुकादमाकडून उचल घेऊन ही कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात. आठवड्याची तुटपुंजी खर्ची घेत पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राबतात. आणि हिशेबाच्या दिवशी अंगावर बाकी निघाली, तर तीच पुढील हंगामाची बेडी ठरते. वेठबिगारीच्या उच्चाटनाचा कायदा १९७६ साली झाला, परंतु उचलीची रक्कम मुकादमाच्याच वहीत असेल आणि मजुरापाशी कागदाचा कपटाही नसेल, तर त्याने कायद्यापुढे रुजवात घालावी ती कशाची? गिरमिट्याच्या, म्हणजे त्या करारबद्ध मजुराच्या, कराराला निदान लेखी मुदत होती. आपल्या उचलीला तीही नाही.

यास्तव आपणांस एक विनंती आहे. येत्या दिवाळीपूर्वी मुरबाडकडील पाड्यांत आपण स्वतः फिरून, निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे नाव, उचलीची रक्कम, मुकादम, भट्टीचे ठिकाण आणि मुलांची इयत्ता एका वहीत लिहावी, व तिची एकेक नक्कल ग्रामपंचायतीस आणि शाळेस द्यावी. शहापूरकडील पाड्यांचे काम मी अंगावर घेतो. आपले अक्षर सुवाच्य आहे आणि आपल्या शब्दाला तालुक्यात मान आहे, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणावर सोपवू नये.

वहिनींस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला धाकटा बंधू