उजेडाचं ओझं

इंजिन ओरडलं की पाणी दिसायचं. थांबलं की पाणी पुन्हा काळोखात जायचं.

श्रावणातली रात्र. जिमलगट्ट्याच्या अलीकडे एका नाल्यावर जीप उभी होती. मागच्या बाकावर आईला आडवं केलं होतं आणि शेजारचा जीपवाला गियर काढून नुसती रेस देत होता. रपट्यावर पाणी किती चढलंय ते त्याला बघायचं होतं. पाय दाबला की दिवे पिवळ्याचे पांढरे व्हायचे, गढूळ पाण्यातून फिरत जाणारी एखादी बांबूची काडी दिसायची. पाय सोडला की दिवे राख धरलेल्या निखाऱ्यासारखे. तासाभराने पाणी उतरलं. आई अहेरीला पोचली, आठवड्याने बरी होऊन घरी आली. माझ्या मनात मात्र ते मिणमिणणारे दिवे राहिले. रस्ता जिथे सगळ्यात वाईट, तिथेच दिवा सगळ्यात दुबळा का व्हावा?

उत्तर सिरोंच्यातल्या गॅरेजवाल्या अण्णांनी दिलं. खड्ड्यांतून गाडी हळू चालते, तेव्हा इंजिनही हळू फिरतं. त्याच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटरही मग हळू फिरतो आणि वीज कमी करतो. उणं पडेल ते बॅटरी घालते. आलापल्ली ते सिरोंचा शंभरेक किलोमीटर, आणि पावसाळ्यात त्या काळच्या रस्त्याला अख्खी रात्र जायची. वायपर सतत चालू. बॅटरी तरी किती घालणार?

त्यात जीपवाल्याने पुढच्या गार्डवर चार जादा दिवे लावलेले. हौस म्हणून नाही. या रस्त्यावर मूळचे दोन दिवे पुरत नाहीत. दिवा सरळ बघतो आणि रस्ता केव्हाच सागांच्या मागे वळलेला असतो. वळणावरचं रानडुक्कर दिसायला कडेला उजेड लागतो. पण शंभर वॉटचे चार दिवे म्हणजे बारा व्होल्टवर तेहेतीस अँपियर. जुन्या अल्टरनेटरची पूर्ण वेगातली ताकद पस्तीसची. हेडलाइट, वायपर, हॉर्न यांनी मग जायचं कुठे?

“खाणारी तोंडं वाढवली, कमावणारा एकच,” अण्णा म्हणाले. “दुसरा लावू.”

तो लावताना मी दिवसभर गॅरेजात बसलो होतो. भंगारातल्या एका व्हॅनचा अल्टरनेटर होता. अण्णांनी तो उघडून माझ्या हातात दिला. आत दोन्ही बाजूंनी आलेली लोखंडी बोटं एकमेकांत गुंतवावीत तसा रोटर, भोवती तांब्याच्या तारेची घट्ट वीण. झिजलेले कार्बन काढून नवे घातले, बेअरिंग कानाशी धरून फिरवलं. लोखंडी अँगल कापून ब्रॅकेट केलं. मग सुतळी काढली. क्रँकच्या पुलीपासून नव्या पुलीपर्यंत ती ताणून धरली, एक डोळा मिटून बघितलं आणि ब्रॅकेटखाली पत्र्याचा एक वॉशर सरकवला. दोन पुल्या एका रेषेत नसल्या तर पट्टा महिन्याभरात कडेने सोलून निघतो. शेवटी अंगठ्याने पट्टा दाबला: अर्धा इंच दबला, समाधान झालं.

दोन्ही अल्टरनेटर एकाच बॅटरीला जोडायचे, असं मला वाटलं होतं. अण्णांनी मान हलवली. दोघांचे रेग्युलेटर तंतोतंत सारखे कधीच नसतात. ज्याचा व्होल्टेज जरा वर, तो राबतो. दुसऱ्याला वाटतं बॅटरी भरलेली आहे, तो नुसता फिरत बसतो. म्हणून चुली वेगळ्या मांडल्या. जुना अल्टरनेटर जुन्या बॅटरीला, सेल्फ आणि हेडलाइट त्याच्याकडे. नवा नव्या बॅटरीला आणि चार दिव्यांना. दिवे सगळं खाऊन बसले तरी सकाळी सेल्फ मारता आला पाहिजे. जंगलात धक्का मारायला माणसं कुठून आणायची?

हलतं चुंबक तारेच्या वेटोळ्यात वीज जागी करतं, अल्टरनेटरचं हे मूळ फॅरेडेने लंडनमध्ये 1831 साली दाखवलं. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात हेच चालतं. तिथले 500 मेगावॅटचे संच मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या ठेक्यावर फिरतात आणि केंद्राची एकूण क्षमता 2920 मेगावॅट आहे. 1982 पर्यंत सिरोंचा त्याच चंद्रपूर जिल्ह्यात होतं. चंद्रपूरच्या विजेने राज्यभर दिवे लागले, आणि आमच्या वाटेवरच्या काळोखाला पुरी पडली ती अण्णांच्या हातची, चारशे वॉटची वीज. मला तिचं मोल कमी वाटत नाही.

ही वीज फुकटची नव्हती. पट्टा, बेअरिंग, तारा यांत निम्म्याच्या आसपास वाया जाते. म्हणजे चारशे वॉटचा उजेड हवा तर इंजिनाने जवळजवळ एक अश्वशक्ती द्यायची. ते ऐकूही यायचं. उभ्या गाडीत चार दिव्यांचा खटका दाबला की रिले ‘टक्’ करायचा आणि इंजिनाचा सूर खाली जायचा, डोक्यावर हारा ठेवल्यावर बाईचा श्वास जड व्हावा तसा.

समोर गाडीचा उजेड दिसला की जीपवाला चारही दिवे विझवायचा. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड फेकणं त्याला पाप वाटायचं. चितळांसाठीही विझवायचा, ती उजेडात खिळून उभी राहतात. रातवा मात्र रस्त्याच्या उबेला बसलेला असायचा. लांबून त्याचे डोळे लाल ठिणगीसारखे दिसायचे आणि बंपर अगदी जवळ आल्यावरच तो उडायचा.

आता एलईडी आले. वीसेक वॉटमध्ये रस्ता उजळतो, दुसरा अल्टरनेटर कोणी मागत नाही. अण्णांची सुतळी खुंटीला आहे.

आईला पुढे दोन वर्षं तपासणीला त्याच जीपने न्यावं लागलं. परतताना ती मागे डोळे मिटून पडलेली असायची. सिरोंच्यातला विजेचा पहिला खांब दिसला की जीपवाला चार दिवे बंद करायचा, इंजिनाचा सूर हलका होऊन वर यायचा, आणि डोळे न उघडताच ती म्हणायची, “आलो वाटतं.”